गाडी सुधारली, त्याची हकीकत

माननीय नबीसाब मिस्त्री यांना सोलापूरहून रावसाहेबाचा जय भीम, आणि तुमच्या पद्धतीचा सलामही. (पत्राच्या पहिल्या ओळीत मान द्यावा लागतो म्हणून ‘तुमच्या’ म्हटलं. इथून खाली तूच.) विजापूरची हवा मानवली का? डोळ्याची पट्टी निघाली का, की अजून लेकीचं बोट धरून हिंडतोस? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू ते कबूल करत नाहीस. मागच्या खेपेला मी मुक्ताची तब्येत सांगत होतो आणि तू मला डिझेलचा भाव सांगत होतास. म्हणून हे पत्र. कौसर वाचून दाखवील. (पोरी, तुझ्या बापाला जिथं शिव्या दिल्यात तिथं जरा मोठ्यानं वाच, एकही वाया जाऊ देऊ नकोस.) इकडची खुशाली म्हणशील तर गाडी एकदम ठणठणीत झाली आहे. रडायचं कारण तेच आहे.

मुक्ताचं विसरणं तू जाण्याआधीच सुरू झालं होतं. आता ते पुरतं झालंय. सूनबाईला, म्हणजे चैतालीला, ती नर्स समजते. मला सकाळी उठल्यावर ओळखत नाही. पण एक गोष्ट शिल्लक होती रे. मी सांगोल्याहून डाळिंब भरून यायचो, मार्केटला माल उतरवून गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळवायचो, की घरात तिचे कान टवकारायचे. आपल्या गाडीचा तो आवाज तुला ठाऊकच आहे, धडधडत यायची आणि मध्येच उचकी लागल्यासारखी एक ठेका चुकवायची. त्या आवाजावर बाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात. ‘आलासा व्हय?’ एवढंच म्हणायची. मग जेवण होईपर्यंत, कधी निजेपर्यंत, मी तिचा नवरा असायचो. तेवढ्यासाठी मी या वयात गाडी चालवत होतो, नाहीतर आमच्या पोरानं, संघपालनं, पगारातून मला बसून खाऊ घातलं असतं की.

तर झालं असं, की यंदा गाडी पासिंगला नेली आणि धुरावरून नापास झाली. साहेब मागं उभा होता, मी ॲक्सिलेटर दाबला, आणि साहेब दिसेनासाच झाला. खोकत बाहेर आला तेव्हा म्हणाला, आधी ही चूल विझवून आणा. तू असतास तर काहीतरी जुगाड केलं असतंस. तू नाहीस, म्हणून सिद्धप्पाकडं गेलो. नवीन पोरगा आहे, अंगात स्वच्छ शर्ट (तिथंच माझा विश्वास उडाला होता), बॉनेट उघडायच्या आधी कॉम्प्युटर उघडतो. त्यानं वायर लावली, बराच वेळ स्क्रीन बघितली आणि मला विचारलं, काका, याचा पंप कुणी बदलला होता?

आता कान दे. (कौसर, इथं आवाज चढव.) तू सांगोल्याच्या भंगारातून तो जुना पंप आणून आपल्या गाडीला बसवलास, आठवतं? त्या पंपाच्या वायरीच्या टोकाला एक रेझिस्टर असतो, वेलदोड्याएवढा, वर नंबर. कंपनीत प्रत्येक पंप मोजून बघतात, कुठला जरा जास्त डिझेल ओततो, कुठला कमी, आणि त्या हिशेबानं त्याला त्याचा रेझिस्टर देतात. तो बघून गाडीचा कॉम्प्युटर ठरवतो की किती ओतायचं. म्हणजे तो रेझिस्टर पंपाचा, गाडीचा नव्हे. आणि शहाण्या, तू काय केलंस? त्या आणलेल्या पंपाचा काढून फेकलास आणि आपल्या मेलेल्या पंपाचा जपून काढून त्याच्या गळ्यात घातलास! वर मला म्हणालास, गाडीची चीज गाडीतच राहिली पाहिजे. तेव्हापासून गाडीला वाटतंय पंप हात आखडता घेतो, म्हणून ती आणखी ओत म्हणते, आणि पंप बिचारा ओततोय. ती उचकी म्हणजे तुझी करणी होती, मिस्त्री. सिद्धप्पा हसला तेव्हा मला तुझा राग आला आणि त्याचाही आला.

बरोबर नंबरचा रेझिस्टर सोलापुरात मिळेना. तेव्हा मला वाटलं, रेझिस्टर तो रेझिस्टर, आणि नवी पेठेच्या मागं एक रेडिओवाला आहे त्याच्याकडं गेलो. गर्दीत दोन साड्यांच्या दुकानांनी मला आत ओढलं, तिथून सुटून पोचलो. त्यानं रंगीत पट्ट्यांचे मूठभर पुढ्यात टाकले आणि विचारलं, कितीचा पाहिजे? मी म्हटलं, ट्रकचा. त्यातला एक दिसायला देखणा होता, तो उचलला आणि स्वतःच्या हातानं जोडला. मग जे झालं ते तुझ्या दुश्मनालाही होऊ नये. गाडीत डाळिंब भरलेलं, पुलाचा चढ, आणि गाडी दमेकरी म्हाताऱ्यासारखी चालायला लागली. मागं सगळं सोलापूर हॉर्न वाजवतंय. भंगारवाला हातगाडी ढकलत शेजारून पुढं गेला, आणि जाताना माझ्या गाडीकडं आशेनं बघून गेला. शेवटी सिद्धप्पानंच कुठून तरी बरोबर नंबरचा मागवला आणि बसवला. मिस्त्री, खरं सांगतो, गाडी लोण्यासारखी चालली. धूर नाही, उचकी नाही. पासिंगचा साहेब मागं उभा राहिला आणि शेवटपर्यंत दिसत राहिला.

मी खुशीत घरी आलो. कोपऱ्यावर वळलो, दारासमोर गाडी लावली, उतरलो. दारात कोणी नाही. आत गेलो तर मुक्ता तांदूळ निवडत होती. मला बघून तिनं पदर सावरला आणि म्हणाली, बसा पाव्हणं, मालक येतीलच, गाडी लांबची हाय.

मी काय काय केलं ते विचारू नकोस. गाडी पुन्हा कोपऱ्यावर नेली आणि जोरात रेस करत आणली, ती म्हणाली, कोण मेला येवढा आवाज करतुय. हॉर्न वाजवला, तर शेजारची बाळाबाई भांडायला आली. लग्नाचा फोटो काढून पुढ्यात ठेवला. तिनं लगेच ओळखलं, हे आमचं मालक. मग फोटोकडं आणि माझ्याकडं आळीपाळीनं बघितलं आणि मायेनं विचारलं, तुमी त्यांचं चुलतं का? रोज माझ्यासमोर रावसाहेबाची वाट बघते. भाकरी करते, मला पाव्हण्याची म्हणून एक वाढते आणि चांगली फुगलेली त्याच्यासाठी झाकून ठेवते. मला त्या रावसाहेबाचा लई राग येतो. आणि ती दाराकडं बघत बसते ना, ते माझ्याच्यानं बघवत नाही, नबीसाब. चैताली आत जाऊन रडते, मी गाडीत जाऊन बसतो.

कौसरला आणि जावईबापूंना आशीर्वाद. काठी घेऊन चालत जा, मिजास करू नकोस.

तुझाच,
रावसाहेब
(हल्ली मुक्कामाला पाव्हणा)

ता. क. पत्र लिहिलं ते यासाठी. तू बसवलेला तो चुकीचा रेझिस्टर सिद्धप्पानं भंगारात टाकला आणि भंगार गेलं. मी त्याच्या दुकानामागची माती चाळणीनं चाळली, त्यालाच माझी काळजी वाटायला लागली. त्यावर तीन नंबर होता. तुझ्या जुन्या डब्यात तसला असेल तर पाठव. चांगला नको, तीनच पाहिजे. पुढच्या पासिंगचं पुढं बघू.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवणार तेवढ्यात मुक्तानं विचारलं, कुणाला लिवताय? म्हटलं, नबीसाब मिस्त्रींना. तर चेहरा असा उजळला तिचा! म्हणाली, मिस्त्री लई सरळ मानूस, कधी खोटं बोलायचं न्हाई. (नवरा विसरली आणि तू लक्षात! आणि सरळ? आयुष्यभर मला ‘गाडी उद्या देतो’ म्हणत आलास तो तू!) तर डब्यात तो रेझिस्टर नसला तर राहू दे. तू ये. कौसरला घेऊन सकाळच्या एस्टीनं ये. काही दुरुस्त करायचं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवून दारात उभा राहा आणि तिला सांग, वहिनी, हा रावसाहेबच आहे. मी रोज सांगतो, पण पाव्हण्याचं कोण ऐकतंय.