मृत्युपत्र : तिसरी प्रत, गजेंद्रच्या शेऱ्यांनुसार दुरुस्त

मी, रविकांत नारायण राजंदेकर, वय वर्षे ६९, तंत्रनिकेतनातून निवृत्त अध्यापक, राहणार रुक्मिणीनगर, अमरावती, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, चहा पिऊन, दिवसाउजेडी लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. सौ. सिंधूचे याबाबत वेगळे मत असून ते तिच्या आग्रहावरून येथे नोंदवले आहे. आधीच्या दोन्ही प्रती रद्द समजाव्यात.

कलम १. राहते घर आणि बँकेतील जे काही असेल ते सर्व पत्नी सिंधू हिचे. मुलांनी तिला "आई, आता तुला एवढं मोठं घर कशाला" असे विचारू नये. मी एकदा विचारून पाहिले आहे, उत्तर काय मिळाले ते सांगण्यासारखे नाही.

कलम २. स्कूटर मुलगी इशिता हिला. पहिल्या प्रतीत हीच स्कूटर मी दुसऱ्या कलमात केदारला आणि चौथ्या कलमात इशिताला दिली होती. चाळीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःची एवढी ढळढळीत चूक दिसली नाही, ती गजेंद्रने (कलम ५ पाहा) काढली. चिरंजीव केदार याला माझ्या वडिलांच्या पोथ्या आणि सहाण. माझ्या कपाटातील सामानाला त्याने दिवाळीत सर्वांसमक्ष "भंगार" म्हटले, त्यामुळे त्या कपाटातले त्याला काहीही नाही. रिकामे कपाट हवे असेल तर घेऊन जावे.

कलम ३. धाकटा भाऊ बंडू याने १९९८ साली "दोन दिवसांत आणून देतो" म्हणून माझी सोल्डरिंग गन नेली. ती मी त्याला माफ करतो. तिचे स्टँड मात्र अजून माझ्याकडे आहे. तेही त्यालाच द्यावे, म्हणजे बघताना दरवेळी आठवण येईल.

कलम ४. वकीलबाई रागिणीताईंनी विचारले की कपाटात आहे काय आणि मी तिथे करतो काय. सबब खुलासा. संगणकाच्या पोटात एका भागाचा निरोप दुसऱ्या भागाकडे ज्या सामाईक वाटेने जातो तिला बस म्हणतात. ऑपरेटिंग सिस्टीमचा जो गाभा असतो, ज्याला कर्नल म्हणतात, त्यात एका जुन्या बसचा कोड सांभाळण्याचे काम माझ्याकडे एकवीस वर्षे आहे. बिनपगारी. कपाटात आहेत ती त्या बसला जोडायची कार्डे, म्हणजे सर्किटच्या पट्ट्या, आणि तपासणीची उपकरणे. त्या कोडमध्ये बदल करायचा तर जगातला कोणीही ईमेलने पाठवतो, मी ओळ न् ओळ वाचतो, आणि पटले नाही तर परत पाठवतो. माणूस दुरुस्त करून दुसरी प्रत पाठवतो, मग तिसरी. पटले की खाली नावानिशी ओळ लिहायची. ओळी दोन प्रकारच्या. "तपासले" म्हणजे नीट वाचले. "चालवून पाहिले" म्हणजे खऱ्या यंत्रावर, स्वतःच्या हाताने चालवले. दुसरी ओळ खोटी लिहिणे म्हणजे आमच्यात तोंडाला काळे फासून घेणे. ही बस आता फार थोड्या यंत्रांत उरली आहे, पण त्यातली सहा आपल्याच वऱ्हाडातल्या सरकी काढणाऱ्या जिनिंगमध्ये कापसाची ओल मोजतात.

कलम ५. हे कलम तीनदा लिहिले.

गजेंद्र खुशालराव गावंडे, राहणार मूर्तिजापूर, हा माझा विद्यार्थी. सकाळी शेत पाहतो, दुपारी कोड लिहितो. २०१४ च्या दिवाळीत मी आणि सिंधू सेमाडोहला जंगलात गेलो होतो. तिथे असताना परदेशातल्या एका बड्या इंजिनिअरचा बदल आला. माझ्याकडे कार्ड नव्हते, यंत्र नव्हते, सुटीवर होतो. पण एवढ्या मोठ्या माणसाला ताटकळत कसे ठेवायचे? रेंज मिळावी म्हणून मी टेकडीवर चढलो आणि लिहून टाकले: "चालवून पाहिले." बदल गाभ्यात गेला.

यंत्र बंद करताना आधी कार्ड थांबवायचे आणि मग बस सोडायची असते. त्या बदलात हे उलटे झाले होते. माणूस शिडीवर असताना शिडी काढून घ्यावी तसे. मूर्तिजापूरच्या एका जिनिंगमधले यंत्र ऐन हंगामात रोज संध्याकाळी बंद करताना गोठू लागले. ते गजेंद्र सांभाळायचा. त्याने सर्वांना जाणाऱ्या ईमेलमध्ये, अदबीने विचारले, "सर, तुम्ही हे चालवून पाहिलं होतं का?" सोबत दुरुस्तीही पाठवली. मी ती नाकारली. "तुमच्याकडची वायरिंग तपासा," असे उत्तर दिले. दोन महिन्यांनी तीच दुरुस्ती मी स्वतःच्या नावावर घातली.

त्यानंतर गजेंद्र या घरात आला नाही. बदल मात्र पाठवत राहिला, एकापेक्षा एक नेटके. मायना नाही, खाली "आपला" नाही.

आता डोळे थकले. माझ्यामागे ही बस सांभाळायला त्याच्याइतका लायक दुसरा माणूस नाही. तो नाही म्हणाला तर पुढच्या वर्षी सगळा कोड काढून टाकतील आणि जिनिंगमधली सहा यंत्रे जुन्या गाभ्यावर अडकून पडतील. म्हणून मृत्युपत्राची पहिली प्रत इशितामार्फत त्याला पाठवली. तीत लिहिले होते, "किरकोळ गैरसमज झाला." त्याने समासात शेरा मारून परत पाठवली: "गैरसमज नोता. नामंजूर." दुसऱ्या प्रतीत लिहिले, "माझ्याकडून चूक झाली." परत आली: "चूक वायरिंगची असते सर. हे काय होतं ते लिहा."

तर लिहितो. मी खोटे बोललो. ते झाकायला विद्यार्थ्याला खोटे पाडले आणि त्याचे काम माझ्या नावावर केले. दहा वर्षे मला त्याची लाज वाटते आहे. सिंधूला हे आज कळते आहे, ती शेजारीच बसून ओळ न् ओळ वाचते आहे. हे जास्त वाईट आहे.

कलम ६. वरचे कलम गजेंद्रने मंजूर केल्यावर हे लिहितो. कपाटातील चौदा कार्डे आणि तपासणीची उपकरणे गजेंद्रला देण्याचे आणि त्यालाच साक्षीदार करण्याचे ठरले होते. परंतु साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही, असे रागिणीताईंनी बजावले. सिंधूने त्याला फोन केला: "गजू, तुले सामान पाह्यजे का सही कराची हाये?" तो म्हणाला, "काकू, सामान तं मी सर जिते असतानीच घेऊन जातो. मंग सही कराले मोकळा!" आणि खरेच रविवारी टेम्पो घेऊन आला. तीन तास बसला, दोनदा चहा घेतला, वायरींच्या गुंडाळ्या पाहून "काहून असं ठेवलं सर हे?" म्हणून मलाच झापले. सबब हे कलम रद्द.

बस सांभाळण्याचे काम माझ्या मालकीचे नाही, त्यामुळे ते मृत्युपत्राने देता येत नाही. तेही मी त्याच दिवशी, सर्वांना ईमेल लिहून, त्याच्या नावे केले. माझ्या नावावर घातलेल्या त्या जुन्या दुरुस्तीवर त्याचे नाव लावणारा बदलही पाठवला. नवे मालक म्हणून गजेंद्ररावांनी पहिला शेरा मारला: "ओळ लांब झाली. तोडून पुन्हा पाठवा." पुन्हा पाठवली.

थोडक्यात, जे खरोखर द्यायचे होते ते देऊन झाले आहे. उरलेले वाटायला इशिताला नेमतो.

अमरावती, दिनांक ९ मार्च २०२५

(सही) रविकांत नारायण राजंदेकर

साक्षीदार
१. नत्थुजी चव्हाण, शेजारी, रुक्मिणीनगर. माझ्यासमक्ष सही केली.
२. गजेंद्र खुशालराव गावंडे, मूर्तिजापूर. माझ्यासमक्ष सही केली. तपासलं. चालवून पाह्यलं नाही. घाई नाही, सर.