क्रुसापासून एकोणतीस मीटर

खालची वाडी, तारकर्ली
१२ मार्च २०२४

चि. फेबी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. शुद्धलेखनाच्या तीन चुका लाल शाईने गोल करून ठेवल्या आहेत, सुट्टीत आलीस की दाखवीन. दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या मुलीला 'दुर्बीण' नीट लिहिता येऊ नये, ही तुझ्या पहिलीच्या बाईंना, म्हणजे मलाच, लाज आणणारी गोष्ट.

तुझ्या पप्पांचा उजवा हात अजून उचलत नाही. रविवारी फोनवर मी बरे आहेत म्हणते, कारण फोन त्यांच्या उशाशी असतो. खरं ते पत्रात लिहिते. हल्ली त्यांनी नवंच काढलंय. जहाजावर तीस वर्षं काढलेला माणूस, म्हणतो की समुद्राचा आवाज बदलला. पूर्वी लाट फुटून वाळूवरून सरपटत यायची तेवढी लांबी ऐकू यायची, आता ती गादीखालीच फुटते म्हणे. काल मला म्हणाले, बर्था, माका हयसून हलव. मी त्यांना वही वाचून दाखवली.

तीच वही, तौक्ते वादळानंतर तू घालून दिलेली. दर अमावास्या-पौर्णिमेला किनाऱ्यावरच्या लाकडी क्रुसापासून भरतीच्या रेषेपर्यंत टेप धरायची. तोवर माझे गुडघे गेले होते आणि तुझ्या पप्पांनी, कुस्तोदियोंनी, अंथरूण धरलं होतं, त्यामुळे सुरुवातीपासून मोजतो पुढच्या घरातला मितेश, लिहिते मी. तीन वर्षांपूर्वी एकतीस मीटर होते. परवा एकोणतीस. पावसात समुद्र वाळू नेतो आणि नाताळपर्यंत परत आणून टाकतो. गेल्या पावसात आकडा सातवर आला, तेव्हा मी ट्रंक भरून दाराशी ठेवली होती. डिसेंबरात पुन्हा एकोणतीस! वाडीतली अकरा घरं या वहीवर निर्धास्त झोपतात. मितेशने तर तिच्याच भरवशावर स्वतःच्या घरापुढे, समुद्राच्या अंगाला, पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या. त्यातल्या एकीत तो, त्याची बायको सीता आणि त्यांच्या दोघी मुली राहतात. आता आपल्या पायरीवरून समुद्र दिसत नाही, खोल्यांची पाठ दिसते.

विहिरीचं पाणी थोडं मचूळ लागतंय. उन्हाळा लवकर आला असेल.

जेवणाची हयगय करू नकोस.
तुझी,
बर्था आते

वेधशाळा, लडाख
२ एप्रिल २०२४

ती. बर्था आतेस,

सा. न. वि. वि. लाल गोल मान्य. 'दुर्बीण' शंभर वेळा लिहून काढीन, बोटं गारठली नाहीत तर.

रविवारी फोनवर तू विचारलंस, ग्रह दिसतो कसा. आते, तो दिसतच नाही. आपल्या ताऱ्यासमोरून जाताना तो ताऱ्याचा उजेड हजारात चार भागांनी अडवतो, दोन तास, मग उजेड पूर्ववत. दर चार दिवसांनी. किती उजेड अडला त्यावरून ग्रह केवढा ते कळतं. पण आपल्या डोक्यावरची हवा सतत थरथरत असते, म्हणून शेजारचा एक शांत तारा धरायचा आणि त्याच्या मानाने आपला किती मंदावला ते मोजायचं. तुझा क्रूस तसा माझा हा शेजारी.

तुझ्या वहीचा आलेख काढून मी भिंतीवर लावलाय. खाली जातो, वर येतो. इथले लोक विचारतात, हा कुठला तारा? मी सांगते, तारकर्लीचा.

आता फक्त वजन राहिलंय. ग्रह आपल्या ताऱ्याला जराशी ओढ लावतो, तारा किंचित डुलतो. ते डुलणं परदेशातला एक गट मोजतोय. ते सापडलं की माझा ग्रह खरा ठरला.

पप्पांना सांग, आकडे खोटं बोलत नाहीत. त्यांना जुन्या जहाजाची स्वप्नं पडत असतील.

तुझ्या हातच्या सोलकढीची वाट बघणारी,
फेबी

खालची वाडी, तारकर्ली
२५ एप्रिल २०२४

चि. फेबी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं वाक्य कुस्तोदियोंना जसंच्या तसं सांगितलं. ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. त्या दिवसापासून त्यांनी आवाजाचा विषय काढलेला नाही. मला बरं वाटायला हवं होतं.

परवा पौर्णिमा झाली. अठ्ठावीस. खोल्यांपलीकडचे चार माड पडले. वारा नव्हता. मितेश म्हणतो वाळवी असेल. सकाळी चुलीमागे एक कुर्ली निघाली, नांग्या ह्या एवढ्या. सीतेने हसत हसत तिचं कालवण केलं आणि म्हणाली, दर्याच घरा येता तर बाजाराक कित्याक जावचा? मीही हसले. पण चुलीमागचं बीळ आधी लिंपून घेतलं.

ग्रहाचं काय झालं ते कळव.
तुझी,
बर्था आते

वेधशाळा, लडाख
१४ मे २०२४

ती. बर्था आतेस,

सा. न. वि. वि. हे पत्र पप्पांसमोर वाचू नकोस; फोन त्यांच्या उशाशी असतो, म्हणूनच लिहितेय.

माझा ग्रह नाही. परदेशातल्या गटाने तीन महिने बघितलं, तारा जागचा हलत नाही, त्याला कुणाचीच ओढ नाही. मग मी सगळं पहिल्यापासून तपासलं. माझा तारा कधी मंदावलाच नव्हता. ज्या शेजाऱ्याला मी शांत समजून धरलं होतं, तोच दर चार दिवसांनी दोन तास किंचित उजळतो. तो उजळला की माझा मंद वाटायचा. तीन वर्षांत माझा एकही आकडा चुकीचा नव्हता. फक्त मी ज्याच्यापासून मोजत होते तो स्थिर नव्हता.

ग्रह गेला याचं रडून झालं. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा तुझा आलेख काढून पुन्हा नीट बघितला. पावसात आकडा हळूहळू खाली येतो, ते ठीक. पण वर येतो तो दर डिसेंबरात, एका पंधरवड्यात, एकदम. वाळू अशी परत येत नाही, आते. ती थोडी थोडी येते.

वहीच्या पहिल्या पानावर, मे २०२१ मध्ये, मी आपल्या पायरीपासून क्रुसापर्यंतचंही अंतर लिहिलंय. अडुसष्ट मीटर. तेवढं एकदा तू स्वतः मोज. कुणाचा तरी आधार घे, पण टेपचं टोक तुझ्याच हातात असू दे. अडुसष्ट भरले नाहीत तर तू आणि पप्पा तिथून निघा. पाऊस लागायच्या आत.

मी त्यांना स्वप्नं पडत असतील म्हटलं होतं. ते वाक्य मला परत घेता येत नाही.

तुझी,
फेबी

खालची वाडी, तारकर्ली
३१ मे २०२४

चि. फेबी हिस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं त्याच दिवशी सीतेच्या खांद्यावर हात ठेवून गेले. पायरी ते क्रूस तीस मीटर भरले. पुन्हा मोजले. तीसच.

मितेशला विचारलं. तो बिचारा गोंधळून गेला. म्हणाला, बाईनू, तुमका म्हायत नाय? नाताळच्या आधी खुरसाक रंग काढतो, तेव्हा मागे घेऊन रोवतो. पाणी लागाक नको मां त्येका. तिन्ही डिसेंबरांत, तीनदा. वाडीतले सगळे बाप्ये, आपले ख्रिस्ती आणि त्यांचे हिंदू, मिळून उचलतात. त्यात लपवण्यासारखं काय होतं? मी विचारलं नाही म्हणून कुणी सांगितलं नाही. किती किती मागे घेतला ते त्याला पावलांनिशी आठवत होतं. पहिल्या वर्षी पाच मीटर, दुसऱ्या वर्षी अकरा, गेल्या वर्षी बावीस. मी शाळेत गणितही शिकवलं आहे. दर वर्षी दुप्पट; यंदा किती होईल तो आकडा मी वहीत लिहिला नाही.

अकराही घरं फिरले. काशीबाईने मला बसवून पाणी दिलं आणि म्हणाली, तुमचीच वही सांगता ना, दर्या परत जाता? बाकीच्यांनीही तेच ऐकवलं. वाद घातला असता तर मला चाललं असतं. ते माझी समजूत घालत होते! मितेश म्हणतो, टेप मीच धरली, ती खोटी कशी? तो, सीता आणि मुली अजून त्याच खोलीत आहेत.

कुस्तोदियोंना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की समुद्र किती आत आला. मग म्हणाले, तू मास्तरीण, माका वाटला माझेच कान गेले. फेबी, त्यांच्या डोळ्यांत राग असता तर बरं झालं असतं.

रविवारी सॅविओ सावंतवाडीहून गाडी घेऊन येतोय. तुझा हा चुलतभाऊ कामाला येतो, एरवी कितीही उनाड असो. कुस्तोदियो त्याच्या घरी राहतील. फोनही त्यांच्याबरोबर जाईल, तेव्हा रविवारी तिथे कर आणि त्यांना आवाजाबद्दल विचार. त्यांना कुणीतरी विचारायला हवं.

तू लिहिलंस, दोघंही निघा. मी आत्ता निघत नाही. तीन वर्षं ही माणसं माझ्या शब्दावर इथे बसली आहेत. आज मितेशच्या समुद्राकडच्या रिकाम्या खोलीत मी माझी गादी नेऊन टाकली. त्याला सांगितलंय, तुझ्या मुली इथून जातील त्या दिवशी बाई जातील. तो चिडला, सीता रडली. रडू दे. चार दिवसांत ऐकतील असं वाटतं.

इथे भिंतीपलीकडे पाण्याचा आवाज येतो, सरपटण्याचा नाही, फुटण्याचा. कुस्तोदियो बरोबर होते.

सहा तारखेला अमावास्या आहे, मोठ्या उधाणाची. हे पत्र तुला पोचेल तेव्हा ती होऊन गेलेली असेल.

रागावू नकोस, माया कमी करू नकोस.
तुझी,
बर्था आते