जिन्यातला दिवा

मु. भोर, ता. १२ डिसेंबर १९४०
सकाळचे सव्वासात. खिडकीशी बसून लिहीत आहे, त्यामुळे दिवा लावलेला नाही.

तीर्थस्वरूप दाजींस कुंडलिकचा साष्टांग नमस्कार. अक्कालाही सांगावा.

आबांच्या घोट्याची सूज उतरते आहे. हाडवैद्य काल पट्टी बदलून गेला. भूक चांगली आहे. भाकरी कडक झाली तर म्हणाले, "कचेरीत कागद थापतोस, भाकरी थापता येईना व्हय रं?"

माझी नोकरी ठीक. कचेरीत विजेचे बिल फार येते, म्हणून हेडक्लार्क नारायणरावांनी दिव्यांचे काम मजकडे दिले. खोलीत माणूस नसेल तर दिवा मालवायचा आणि मीटरचा आकडा रोज वहीत लिहायचा. गेल्या महिन्यात नऊ युनिटे वाचली. नारायणराव सर्वांदेखत म्हणाले, "या कुंडलिकाकडून शिका." तेव्हापासून मी जरा जास्तच जपू लागलो. खोलीवरही वात इतकी बारीक ठेवतो की आबा विचारतात, "दिवा हाय का काजवा?"

तुमचे पत्र परवा पोचले. आबांचे डोळे गेले, आता औत कोण धरणार, म्हणून येत्या बाजारात बैलजोडी विकणार असे लिहिलेत.

दाजी, विकू नका. आबांचे डोळे शाबूत आहेत.

डोळ्यांपुढे अंधारी येऊन आबांचा जिन्यात पाय घसरला असे मी मागे लिहिले, ते अर्धेच होते. आबा त्या संध्याकाळी विजेचे दिवे बघायला कचेरीत आले होते. सगळे दाखवून मी "या सावकाश" म्हणत पुढे उतरलो आणि मागचे दार लावून आलो. जिना मध्ये वळतो, खालून वरचे दिसत नाही. पावलांचा आवाज नव्हता. आबा बाहेर गेले असे समजून मी खालूनच जिन्यातल्या दिव्याचे बटण बंद केले.

आबा वळणावर उभे होते. दिवेलागणीची वेळ, म्हणून दिव्याला हात जोडून, भिंत सोडून. एक हाक मारायची होती. मारली नाही.

धडपड ऐकताच मी दिवा पुन्हा लावला. त्यामुळे आबांनी पाहिले तेव्हा उजेडच होता. म्हणाले, "कुंडलिका, डोळ्यांपुढं एकदम अंधारी आली रं. डोळं गेलं माझं." मी बटणाचे सांगितले नाही. तेव्हापासून ते अंगणातसुद्धा माझा हात धरून जातात. आणि काल माझ्या ताटातला खडा त्यांनीच दाखवला!

आज उठल्यावर त्यांना सर्व सांगितले. आबांनी विचारले, "म्हंजी डोळं हायत नव्हं?" मी होय म्हटले. "बैलं इकली का?" "नाही अजून," म्हटले. मी हात पुढे केला तो त्यांनी घेतला नाही. भिंत धरून एकटे अंगणात गेले. अजून तिथेच बसले आहेत.

नारायणरावांनाही आज सांगणार. मग काम राहील न राहील.

आपल्या गावचा गेनबा आत्ता तुमच्याकडे विंझरला निघतो आहे, त्याच्या हाती हे पत्र देतो. अक्काला वाचून दाखवावे, काही गाळू नये.

कचेरीची बचत, नऊ युनिटे: रु. २-४-०
आबांचा खर्च: हाडवैद्य १-८-०, तेल ०-४-०, दूध ०-१०-०, एकूण रु. २-६-०
औषधाला तुम्ही पाठवलेले रु. २-०-०. ते मी घ्यायला नको होते. एक रुपया गेनबाजवळ दिला आहे. एक देणे राहिला.

आपला अपराधी,
कुंडलिक