शिवलेल्या पोत्यातली घट

माय, तुझं मापटं सापडलं. दुकानाच्या माळ्यावर, बोंबलाच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेलं. काठाला पडलेला पोचा तसाच आहे. आपल्या घाटावरच्या वाशीच्या बाजारात तू सुकट या मापट्यानं मोजायचीस आणि वर चिमूटभर टाकल्याशिवाय गिऱ्हाइकाला हलू द्यायची नाहीस. माल किनाऱ्यावरून यायचा, किलोवर. तू सुकट विकायचीस मापट्यानं आणि बोंबील मोजून, शेकड्यावर. एका पोत्यात किती मापटी निघतात ते तुला तोंडपाठ. मला मात्र तो सगळा अडाणी कारभार वाटायचा. दुकानात कॉम्प्युटर आणला तेव्हा सुकट असो की बोंबील, सगळ्याला मी एकच माप लावलं, किलो. लई शहाणा झालो होतो मी.

मग तो उन्हाळा. पत्र्याखाली बसवत नव्हतं, तरी तू गल्ल्याशेजारी बसलेली. महिनाअखेरीला मी माल मोजला. कॉम्प्युटर म्हणतोय सुकट वीस किलो, आणि काट्यावर भरतेय साडेसतरा. दोनदा तोलली. मग तुझ्याकडं वळलो. "वाटत बसलीस ना बायांना? तुझी चिमूटभर चिमूटभर!" दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांच्यासमोर बोललो. तू एवढंच म्हणालीस, "माझ्या मापट्यानं मोजून बघ की रं. पुरी हाय." मी म्हणालो, "काटा खोटं बोलत न्हाय, माय." तू पदरानं मापटं पुसलंस आणि उठलीस. कॉम्प्युटर घटीचं कारण विचारत होता. मी लिहिलं, 'आईनं वाटली'.

त्यानंतर तू दुकानात बसली नाहीस. गुडघे दुखतात म्हणालीस आणि मीही ते खरं धरलं, कारण मला ते सोयीचं होतं. पण एक गोष्ट तेव्हाही टोचायची. घरच्या कालवणाला मूठभर सुकट घ्यायची तरी दारात उभी राहून विचारायचीस, "घेऊ का रं?" जन्मभर ज्या मालात हात घातलास, त्याला हात लावायला मला विचारायचीस. मी मान हलवायचो. घे की माय, तुझीच हाय, एवढं तोंडातून निघालं नाही.

तू गेलीस. आता कॉम्प्युटर माझी लेक बघते. ह्या आठवड्यात एकदा भर उन्हात तिनं सगळी पोती काट्यावर चढवायला लावली. सुकटीचं एक पोतं दोन महिन्यांपासून कोपऱ्यात पडून होतं, तोंड शिवलेलं, उंदरानंसुद्धा कुरतडलेलं नाही. ते दोन किलोनं कमी भरलं. ती म्हणाली, "पप्पा, ह्याला कुणाचा हात लागला न्हाय. वाळलंय ते. तिकडं समुद्रावरनं दमट येतं, इथलं ऊन कसलं हाय बघा की." मी माळ्यावर चढलो ते त्यानंतर. मापटं खाली आणलं, शिवण उसवली आणि खाली बसून मोजत गेलो. माय, तू सांगायचीस तितकीच मापटी भरली. वर चिमूटभर उरलीसुद्धा. वजन उडून गेलं होतं, सुकट जागच्या जागी होती. मला रडू आलं. सुकटीचा खकाणा डोळ्यात गेला, असं लेकीला सांगितलं.

मग तिला विचारलं, जुनी नोंद बदलता येते का. "येते की," म्हणाली, "फक्त का बदलली ते लिहावं लागतं." तिनं पान उघडून दिलं आणि माझ्या बोलण्याची वाट बघत बसली. 'आईनं वाटली' हे तिनं वाचलं असणारच. मला तीनच शब्द सांगायचे होते, चूक माझी होती. मी म्हणालो, "ऱ्हाऊ दे, उद्या बघू," आणि चहाला उठलो.

त्याला आज चार दिवस झाले, माय. तुला इतकं सगळं लिहिलं, पण लेकीला ते तीन शब्द अजून सांगितले नाहीत.