साने वहिनींच्या बांगड्या

११ फेब्रु. ९८
मेधा आणि आमची सई रूपाच्या लग्नाहून दुबईला परत. माझी रजा नामंजूर, एकुलत्या एका बहिणीच्या लग्नाला मीच नाही.
खालच्या मजल्यावरच्या साने वहिनींनी दादरला माहेरी पोचवायला चार सोन्याच्या बांगड्या दिल्या होत्या. मेधा हातात घालून गेली, इथून सगळ्याजणी नेतात तशा. "पोचवल्यास ना?" विचारलं तर रडायलाच लागली. आमच्या आईने भर मांडवात "दुबईच्या वहिनीकडून!" म्हणत तिच्या हातातून काढून रूपाच्या हातात चढवल्या. सगळं वऱ्हाड बघत होतं. ही गप्प.

१३ फेब्रु.
आईला फोन. "नवरीच्या हातातलं परत मागू? व्याह्यांना काय तोंड दाखवू?" ठेवलाच फोन. चीड आली. लाजही.

१९ फेब्रु.
सान्यांना म्हटलं, हुबेहूब नव्या करून देतो. "हिच्या आजीच्या आहेत. त्याच पाहिजेत. नाहीतर पोलीस." करामातल्या या बिल्डिंगमधला आठ वर्षांचा शेजार. खलास.

२६ फेब्रु.
तक्रार झाली. मेधाचा पासपोर्ट पोलिसांकडे. ऑफिसातून हाफ डे, खाडीपलीकडे देऱ्यात वकिलाकडे. मल्याळी, हिंदीत बोलतो. "चीज़ दूसरे की थी. भरोसे पे दी थी. आपने किसी और को दे दी. इतना तो साबित है. अब सिर्फ नीयत पे लड़ेंगे. मैडम, बाद में किसी को बोला था?"
नाही. नंतर आठवडाभर तिथेच होती, तरी नाही. टॅक्सीत मी भडकलो. म्हणाली, "तुम्ही कधी बोललात आईंसमोर?"

३ मार्च
रूपाला फोन. "दादा, सासूबाईंनी लॉकरमध्ये ठेवल्यात. मी कशी मागू रे?" तिच्यावर कुठल्या तोंडाने रागावू.

९ मार्च
मेधाची जबानी. "सास के सामने कैसे बोलती?" दुभाष्याने समजल्यासारखी मान हलवली. अरबीत दोनच ओळी लिहिल्या गेल्या. काय लिहिलं, विचारलं. "माल अपना नहीं, मालूम था. फिर भी चुप रही."
यात खोटं काहीच नाही. सही केली तिने. आत ठेवून घेतलं. वकील म्हणतो, शनिवारी बघू, इन्शाल्ला. जीव नकोसा झालाय.
घरी सई दारातच. "व्हेअर इज आई?"
तेवढ्यात माझ्या आईचा फोन. रूपा सासरी रमली म्हणे, सगळे कौतुक करतात. मग, "मेधा बरी आहे ना रे?"
"बरी आहे," म्हणालो.