तिसऱ्या मजल्यावरचं निःपक्षपाती काम

३ मार्च. सकाळी ९.४०
"घट्ट धर, बाकी मी बघतो." शाळेच्या वाटेवरचा ओढा मला पाठीवर घेऊन ओलांडताना दादा हे म्हणायचा. मी सहा वर्षांचा, तो बारा.
आठवण्याचं कारण, दादाची फाईल आज माझ्या टेबलावर आली. जखमी सैनिक विभागात चिकटल्याचं चीज झालं. लष्कराचं विमान उतरताना चाक मोडलं आणि दादाचा खुबा गेला. दुखापत मान्य झाली की लष्करी रुग्णालयात ऑपरेशन.
संकल्प : आठ दिवसांत मंजुरी. वहिनीला फोन करून सांगितलं, आता फाईल घरातच आली समज. ती म्हणाली, भावोजी, घरातला चष्मासुद्धा तुम्हाला सापडत नाही.

११ मार्च
फाईल उघडली नाही. कारण मोठं आहे. साहेबांनी मला विमान खरेदी समितीवर घेतलं! काम : इतिवृत्त लिहिणे आणि चहा वेळेवर आणवणे. थोडक्यात, धोरण.
चहा यायच्या आत वीस विमानं मंजूर. एका सदस्याने विचारलं, कुणी उडवून पाहिलंय का? साहेब म्हणाले, कागद पूर्ण आहेत. सदस्याचा जीव भांड्यात पडला.

२६ मार्च
फाईल उघडली. सगळं चोख. पण सख्ख्या भावाचं काम, उद्या कुणी बोट दाखवलं तर? म्हणून स्वतःहून एक शंका काढली : सदर विमान त्या दिवशी जमिनीवर उतरल्याचा दाखला जोडावा.
वहिनी म्हणाली, उतरलं नसतं तर हे अजून वरच असते ना! मुद्दा बरोबर आहे. पण साक्षांकित नाही.

९ एप्रिल
दाखला आला. वैद्यकीय बोर्डाची तारीख १७. विमान विभाग तळमजल्यावर, जखमी सैनिक विभाग तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट बंद. बोर्डाला खाली बोलवावं असं साहेबांना सुचवणार होतो, पण ते विमानांच्या गडबडीत होते.
दादाला सल्ला दिला, रडका चेहरा करू नकोस. बोर्डावर छाप पडली पाहिजे.

१७ एप्रिल
दादा आला. जिना चढायला पन्नास मिनिटं लागली. प्रत्येक वळणावर बसला. वर आला तेव्हा शर्ट पिळून काढावा असा. मला म्हणाला, तू रोज चढतोस? दमत असशील रे.
हजेरीच्या शेऱ्यात मी मनापासून लिहिलं : "अर्जदार दुर्दम्य जिद्दीने तिन्ही मजले स्वतः चढून आले." दगडालाही पाझर फुटेल असं वाक्य. डॉक्टरांनी दोनदा वाचलं, म्हणाले, शाब्बास.
मंजुरी खिशात.

२ मे
नामंजूर. कारण : अर्जदार तिन्ही मजले स्वतः चढतात. आधार : माझा शेरा, तारखेसह.
दरम्यान विमानं आली. उडत नाहीत. त्यांची दुरुस्ती जागच्या जागी मंजूर झाली. त्यांना कुणी जिना चढायला सांगितलं नाही.
वहिनी फोनवर एवढंच म्हणाली, अक्षर छान आहे हो तुमचं. मग दादाने फोन घेतला. जेवलास का, विचारलं. मी हो म्हणालो. जेवलो नव्हतो.

५ मे. दुपारी
अपील २० तारखेला. मजला तोच. लिफ्ट तशीच. स्वतः चढला तर पुन्हा नामंजूर, आला नाही तर गैरहजर.
संकल्प : दादाला मी वर नेणार. पाठीवर. शेराही मीच लिहिणार : "अर्जदारास उचलून आणावे लागले."
जेवणाच्या सुट्टीत सराव केला. पाठीवर जुन्या फायलींचं गाठोडं. पहिल्या वळणावर डोळ्यांपुढे काजवे. शिपायाने पाणी दिलं आणि विचारलं, साहेब, कुठे पोचवायचंय? गाठोडं दादाच्या निम्मंसुद्धा नसेल.
संध्याकाळी त्याच्याकडे जाणार आहे. तो हसेल, मग नाही म्हणेल. तरी विचारणार : दादा, माझ्या पाठीवर बसतोस का?