टेलापासून वर आलेलं पाणी

आई, आज सकाळी पाटाला पाणी सुटलं. दोन दिवसांसाठी संगमनेरहून गावी आले आहे, म्हणून नेमकं दिसलं. पाटातून आपल्या रानांकडे येणाऱ्या चारीच्या कडेला उभी राहिले, आणि घरी आल्यावर लिहायलाच बसले. तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही.

दुष्काळाच्या त्या हिवाळ्यात मी पहिल्या बाळंतपणाला तुझ्याकडे आले होते. पोर तीन महिन्यांची झाली तरी तू मला सासरी पाठवत नव्हतीस. अण्णा आणि भाऊ पाझर तलावाच्या कामावर गेलेले, पंधरा दिवसांनी कधी तरी घरी येत. आपल्या चारीवरच्या अकरा घरांत बहुतेक बायकाच उरल्या होत्या. धरणातच पाणी नव्हतं. चारीला महिन्यातून दोनच दिवस पाणी मिळे, तेही उजेड असेतोवर. रात्रीचं पाणी पुढच्या गावाचं. पहिल्या खेपेला वरच्या रानांनीच ते संपवलं. फावडी उगारण्यापर्यंत भांडणं झाली. चारीच्या शेवटच्या टोकाला, ज्याला सगळे टेल म्हणत, तिथं थेंबही पोचला नाही. टेलला बौद्ध वस्तीतल्या एका बाईची ज्वारी होती. देवळासमोर बैठक बसली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "पानी आल्याचं मी ऐकलंय, बघितलं न्हाई."

तेव्हा मागं बसलेली तू उठलीस आणि म्हणालीस, की यंदा पाणी टेलापासून वर आणायचं, पहिली पाळी शेवटच्या रानाची, आणि जो दुसऱ्याच्या वेळेतलं पाणी घेईल त्याची पाळी अर्धी करायची. आपलं रान चारीच्या तोंडाशी, म्हणजे आपली पाळी अगदी शेवटी येणार. ज्याचं सगळ्यात जास्त जाणार तोच हे म्हणतोय म्हटल्यावर बाकीच्यांना बोलायला जागा उरली नाही. पाळ्या सांभाळायचं कामही तुझ्याच गळ्यात पडलं. शाळेतल्या गुरुजींनी त्यांचं गजराचं घड्याळ दिलं, आणि तुला तर आकडासुद्धा ओळखता येत नव्हता. मी ओसरीवर ज्वारीचे दाणे गोल मांडून, दोन काड्यांचे काटे करून तुला घड्याळ शिकवलं. तिसऱ्या दिवशी तूच मला विचारायला लागलीस, "सांग बरं, आता किती वाजलं?"

पाणी आलं, पण कोरड्या चारीनं वाटेतच खूप पिऊन टाकलं. टेलला पोचायला उशीर झाला. तू पाणी कुठं फुटतंय ते बघायला वर गेलीस आणि घड्याळ माझ्याकडे देऊन गेलीस. मी बाभळीखाली पोरीला मांडीवर घेऊन बसले आहे. समोर ती बाई एकेका वाफ्यात पाणी फिरवते आहे, आणि मी मनात हिशेब करते आहे की असंच लांबत गेलं तर उद्या संध्याकाळी पाट बंद होईल आणि ओंब्या फुटायला आलेला आपला पोटरीतला गहू तसाच राहील. मी काटा वीस मिनिटं पुढं सरकवला. थोड्या वेळानं ओरडून सांगितलं, वेळ झाली. तिनं राहिलेल्या वाफ्यांकडे एकदा पाहिलं आणि पाणी मोडून वरच्या रानाला द्यायला चिखल उचलला.

तेवढ्यात तू आलीस. बाभळीची सावली बघितलीस, मग घड्याळ, मग मला. काटा कुणी फिरवला, विचारलंस. मी म्हटलं, मी. तू सरळ त्या बाईकडे गेलीस आणि वर थांबलेल्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "पानी मोडू नको. तुझी वेळ अजून हाय. आमच्या घरानं घड्याळ पुढं केलं." मला मान वर करवेना. बायकांतली एक म्हणाली, पोर अंगावर आहे तिच्या, जाऊ दे. तू म्हणालीस, "माझ्या लेकीला सोडलं तर उद्या कुनाला धरू?" दुसऱ्या दिवशी आपली पाळी अर्धीच झाली.

त्या संध्याकाळी चुलीपुढे तू रेशनच्या तांबड्या मिलो ज्वारीच्या भाकरी थापत होतीस. मी रुसून भिंतीकडे तोंड करून बसलेली. "घड्याळ वाचायचं मी तुझ्याकडं शिकले," तू तव्याकडे बघत म्हणालीस. "ते खोटं वाचायचं न्हाई मला शिकायचं." एवढंच. मग तुझ्या वाटणीचं दूधही माझ्या पेल्यात ओतलंस.

पुढच्या खेपेला तू घड्याळ त्या टेलच्या बाईच्या हातात दिलंस. तिलाही आकडे येत नव्हते. तू बांधावर बसून तिच्यापुढे दाणे मांडलेस, अगदी मी मांडले होते तसे, आणि सहाच्या जागी नऊ सांगून बसलीस तेव्हा मला हसू फुटलं. ती हसली, तूही हसलीस. आपला निम्मा गहू वाळला. पण त्या साली अकराही रानांत काही ना काही उभं राहिलं, आणि टेलच्या ज्वारीला कणसं लागली. अण्णांना सगळं कळल्यावर ते तुला म्हणाले, बरं केलंस.

आता चारीवर पाणीवापर संस्था आहे, कागद आहेत, सह्या आहेत. टंचाईच्या साली पाणी अजून टेलापासूनच वर येतं. हे कुणी सुरू केलं ते नव्या पोरांना माहीत नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. चालू आहे ना, पुरे.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. तू गेल्यावर मी काही वर्षं इथंच राहत होते, तेव्हा चारीवरच्या बायका मला बोलवायला आल्या होत्या, पाळ्या तू सांभाळ म्हणून. मी गुडघ्यांचं कारण सांगितलं. गुडघे तेव्हा चांगले होते, आई. समोर माझीच लेक उभी राहिली असती, तर मी तिला सोडलं असतं.